रेणुकामातेची कथा आणि मुलांचा प्रश्न

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


"ज्याने स्वतःच्या आईचं मस्तक उडवलं, त्याला अवतार कसं मानायचं?" आपल्या सत्संगातल्या बऱ्याच घरांत मुलं-मुली हल्ली हा प्रश्न विचारतात. एका घरच्या लेकीने तर सांगूनच टाकलं, की या नवरात्रात मी आरतीला उभी राहणार नाही.

हा प्रश्न परका नाही. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त इकडे आली. त्यांतल्या अनेकांची कुलस्वामिनी माहूरची रेणुकामाताच. म्हणजे प्रश्न थेट आपल्या देवघरातला आहे.

आपण काय करतो? एकतर "देवाधर्माबद्दल असं बोलू नये" म्हणून गप्प बसवतो. नाहीतर "मस्तक म्हणजे अहंकार" असं सांगून मोकळे होतो. साधनेसाठी हा अर्थ असेल चांगला. पण मुलीने विचारलंय ते एका आईबद्दल. तिला आधी कथा तरी पूर्ण सांगूया.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा येते. नदीवर स्नानाला गेलेल्या रेणुकेचं मन जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहून क्षणभर विचलित झालं. एवढंच. जमदग्नी ऋषी संतापले, आणि मुलांना म्हणाले, हिला मारा. चार थोरल्या मुलांच्या हातून ते झालं नाही. पित्याने त्यांना शाप दिला, ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. पाचव्या परशुरामाने आज्ञा पाळली.

पिता प्रसन्न झाले, वर माग म्हणाले. आता नीट बघा हं, परशुरामाने काय मागितलं. आई पुन्हा उठू दे. आपला वध झाला हे तिला आठवू नये. या पापाचा मला स्पर्श नसावा. भाऊ पूर्ववत होऊ देत. युद्धातलं अजिंक्यपद आणि दीर्घायुष्य त्यानंतर.

जे झालं ते पुण्य असतं, तर "पाप लागू नये" असं कशाला मागावं? आईला त्याची आठवणही नको, असं का वाटावं? म्हणजे ग्रंथच सांगतोय, हे भयंकर होतं. करणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. आपली लेक जे म्हणते तेच.

आता माहूरला चला. तिथली कथा अशी, की जमदग्नींच्या अंत्यविधीनंतर परशुराम आईच्या आठवणीने व्याकूळ झाला. आकाशवाणी झाली: आई जमिनीतून दर्शन देईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवलं नाही, त्याने पाहिलं. तोवर फक्त मुखच वर आलं होतं. म्हणून माहूरला आईचा मुखाचा तांदळा पुजतात.

मला नेहमी वाटतं, जे मस्तक एकदा उडवलं गेलं, त्याच्याचपुढे आज लाखो लोक डोकं टेकवतात. गडावर कुलस्वामिनी म्हणून बसली ती आई. जिच्यावर अन्याय झाला तिलाच आपल्या पूर्वजांनी घराचं दैवत केलं. ओटी भरतो ती तिचीच.

प्रश्न विचारल्याने धर्म बुडत नाही हो. भर सभेत द्रौपदीनेही प्रश्न विचारला होता, आणि भीष्मांसारख्यांनाही त्याचं धड उत्तर देता आलं नाही. व्यासांनी तो प्रश्न झाकला नाही, तसाच ठेवला. प्रश्न दाबले, की मुलं प्रश्नासकट देवालाही सोडून जातात.

म्हणून या आठवड्याची सेवा: घरात सगळ्यांनी बसून ही कथा पूर्ण वाचावी. मुलं बोलतील ते ऐकून घ्यावं, लगेच उत्तर देण्याची घाई नको. आरतीची सक्तीही नको. क्रोधातून निघालेली आज्ञा, मग ती वडीलधाऱ्यांची का असेना, आपल्या घरात कुणावर लादली जात नाही ना, एवढं मात्र मोठ्यांनी स्वतःला विचारावं. आई रेणुकेला ती पूजा नक्की पोचेल.

श्रीगुरुचरणी अर्पण 🙏