मधमाशीची माधुकरी

माउली, तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि दारात वृंदावनही असेल. सकाळी पाणी घालताना मंजिरीवर गुणगुणणारी माशी तुम्ही पाहिली असेल. आपण पांडुरंगासाठी मंजिरी खुडायला हात पुढे करतो आणि ती आधीच तिथे बसलेली असते. मग ती मंजिरी कोणाची?

लहानपणी असला प्रश्न मला पडत नव्हता. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बाभळीच्या फांदीला फुलोरी माशीचे पोळे लागले होते. आम्ही पोरांनी टेंभा धरला. पंख जळालेल्या माशा खाली पडल्या. पोळे कापडात घालून पिळले, तेव्हा मधाबरोबर पांढऱ्या अळ्यांचा रसही आला. तो आम्ही गाळून घेतला आणि त्यातलाच मध आजीने एकादशीच्या पंचामृतासाठी ठेवला. आम्ही घरचे माळकरी, पायाखाली मुंगी आली तर पाऊल आवरणारे. पण त्या दिवशी कोणालाच काही वावगे वाटले नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. नाथ महाराजांनी त्या स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली, ती तुमच्यापैकी अनेकांच्या नित्य वाचनात असेल. त्या चोवीसांत मधमाशी आहे आणि मध काढून नेणाराही आहे! जमवलेले धन दुसराच नेतो, हे अवधूत त्याच्यापासून शिकला. मी बरीच वर्षे यातून सोयीचा अर्थ काढला, की मध नेणाऱ्याला दोष नाही. पण तो धडा साठवणाऱ्यासाठी आहे. नेणाऱ्याला त्यात परवानगी कुठे दिली आहे?

आपल्यासाठीचा धडा माशीकडेच आहे. ती प्रत्येक फुलातून थोडे थोडे घेते, त्यावरूनच ‘माधुकरी’ हा शब्द आला. आपल्या जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तस्थानांतली माधुकरीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. अनेक दारे फिरायची, कोणा एकावर भार टाकायचा नाही. माशी तर याच्याही पुढे जाते. ती घेऊन गेली की फूल रिते होत नाही, फळ धरते. कांद्याचे बियाणे करणाऱ्याला विचारा, गोंड्यांवर माशा फिरल्या नाहीत तर बी कसे भरते!

म्हणून आता मी सगळ्या मंजिऱ्या खुडत नाही. देवापुरत्या घेतो, बाकी झाडावर राहतात. तुळस लवकर वाळते असे घरचे म्हणतात, आणि ते खोटे नाही. मग बी पेरून नवे रोप लावतो. उन्हाळ्यात उथळ परळात खडे घालून पाणी ठेवतो. खड्यांवर बसून माशी पाणी पिते, नुसते भांडे ठेवले तर बुडते. तूर फुलात असताना अळीसाठी फवारणी करावीच लागली, तर माशा परतल्यावर, सांजेला करतो. एवढ्यानेही त्यांना विष पुरते चुकत नाही, हे मला कळते. पोटासाठी शेती करणाऱ्याला यापुढे किती जाता येईल, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

आणि पंचामृतातला मध? वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळाचा मध माशा न मारता काढण्याचे शिक्षण दिले आहे. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला असतो आणि पिल्ले खाली. फक्त मधाचा भाग कापून घेतला की पिल्ले वाचतात. पेटीतल्या पोळ्याचा मध यंत्रात फिरवून निघतो आणि चौकट पुन्हा पेटीत बसवता येते. म्हणजे न जाळता, न पिळता मध मिळतो. तुम्ही ज्याच्याकडून घेता त्याला एकदा विचारून बघा.

गेल्या वर्षी दारावर आलेल्या मधवाल्याला मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘‘महाराज, पिळल्याशिवाय मध कसा निघेल?’’ बरणी परत केली. त्या एकादशीला पंचामृतात चारच पदार्थ होते. पुजेला बसलेल्या नातवाने ते मोजले आणि पाचवा कुठे गेला म्हणून विचारले. मी त्याला अंगणातल्या लिंबाजवळ नेले. फुलोरीचे तळहाताएवढे पोळे तिथे नुकतेच लागले होते.