गुलाब कुणाच्या मालकीचा?

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातलं कर्कॉडी हे ॲडम स्मिथचं गाव. टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणीचं मोल सांगणारा त्याचा १७७६चा ग्रंथ बराचसा इथेच लिहिला गेला. त्याच गावात, १८८२च्या सुमारास, रॉबर्ट हेरनच्या फाइफ पॉटरीत ‘वीम्स वेअर’ नावाची मातीची भांडी रंगू लागली: पाकळ्यांनी गच्च भरलेले गुलाब, चेरी, कोंबडे आणि अंगभर फुलं मिरवणारी डुकरं. घडवणारे, भाजणारे, रंगवणारे इथेही वेगळेच होते; पण सारी मदार रंगवणाऱ्यावर.

त्याचं कारण मातीत आहे. पहिली भाजणी मंद आचेवर व्हायची, त्यामुळे भांडं सच्छिद्र राहायचं आणि कुंचला टेकताच रंग शोषून घ्यायचं. फटकारा चुकला तर पुसायची सोय नाही. झिलई त्यानंतर. रंग असा खुलायचा. मात्र त्याच मऊपणामुळे टवकेही पटकन उडायचे. वापरण्याच्या भांड्यात हा दोषच, तरी लोकांनी तो खपवून घेतला.

आता हे भांडं ‘स्थानिक’ कसं म्हणायचं? नाव शेजारच्या वीम्स घराण्याचं, विक्री लंडनच्या थॉमस गूडच्या दुकानातून, आणि मुख्य रंगारी कारेल नेकोला बोहेमियाहून आलेला. तो कर्कॉडीतच राहिला, त्याने स्थानिक पोरांना शिकवलं, १९१५मध्ये तो वारला. १९३०च्या सुमारास पॉटरी बंद पडली आणि वीम्सचे हक्क डेव्हनमधल्या बोव्ही ट्रेसीच्या पॉटरीने घेतले. पण नुसत्या हक्कांनी गुलाब उमलत नाहीत. कारेलचा मुलगा जोसेफही तिकडे गेला आणि १९५२मध्ये मरेपर्यंत रंगवत, शिकवत राहिला. ब्रिटनच्या दुसऱ्या टोकाला रंगवलेल्या त्या गुलाबांना नकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परंपरा गावाची असते असं आपण सहज म्हणून जातो. इथे ती शिकवणाऱ्याबरोबर गाव सोडून गेली.

म्हणून श्रमविभागणीचं मोल सांगणारा स्मिथ चुकला असं नाही. हेरनची भट्टी आणि लंडनचं गिऱ्हाईक नसतं तर नेकोलाचा कुंचला कुणी पाहिला असता? पण भट्टी दुसरी बांधता येते, गिऱ्हाईक दुसरं शोधता येतं.

१९८५मध्ये ग्रिसेल्डा हिल यांनी फाइफमध्येच, सेरेस गावी, हे काम नव्याने सुरू केलं. पुढे वीम्स या नावाचा व्यापारी हक्कही मिळवला. नाव घरी परतलं. हात परतला का, हे कागदावरून कळणार नाही. एडिंबराला गेलात तर फोर्थचा पूल ओलांडून कर्कॉडीच्या गॅलरीतला जुना संग्रह पाहा, मग सेरेसला जा. दोन्हीकडे फटकारे आधी निरखा. पाटी नंतर वाचा.