शेजारी किती लांबचा?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसले. पाणी ओसरले, दुकानांत, घरांत चिखल राहिला. ही माती आली कुठून?

बरीचशी सह्याद्रीच्या उतारांवरून. झाडांचे छत्र गेले की पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आदळतो, कण सुटे करतो. बारीक धारा ते कण ओढून नेतात. धारांच्या घळी होतात. उतारावर धावणारे पाणी सपाटीला मंदावते आणि आपले ओझे तिथेच टाकते. वर्षानुवर्षे नदीचे पात्र उथळ होत जाते. त्या दिवशी पाऊस अफाट होता, हे खरेच. पण उथळ पात्रात तो मावणार कसा?

मग दोषी कोण? झाड विकणारा, तोडणारा, की ते लाकूड जाळणारे आपण? प्रत्येक जण म्हणतो, मी थोडेच केले. पण डोंगरही थोडाथोडाच झिजतो. वाटा लहान म्हणून जबाबदारी माफ होत नाही.

नंतर चिपळूणकरांनी गाळ काढण्यासाठी उपोषण केले, ते रास्तच होते. मात्र गाळ खाली उपसायचा आणि उतार वर उघडा ठेवायचा, याला न्याय म्हणता येणार नाही. शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा नव्हे. आपल्या बांधावरची माती ज्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते, तोही आपला शेजारीच.