स्वस्त रंगाची बाकी

जुन्या गाडीला स्वस्तात रंग मारून घ्यावा की नाही, हा काही नीतीचा विषय नव्हे, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण गॅरेजच्या दारात उभे राहून दोन हजारांसाठी घासाघीस करताना एक प्रश्न असा समोर आला की तो घरी घेऊन यावा लागला. स्वस्त म्हणजे नेमके काय? जे पैसे आपण वाचवतो ते खरोखर वाचतात, की दुसऱ्या कोणाच्या नावावर बाकी म्हणून लिहिले जातात?

गाडी 2005 सालची मारुती 800, पांढऱ्या रंगाची. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा ती सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, वायरिंग नवे टाकले, इंजिन उघडून साफ करून घेतले आणि ती पुन्हा चालू लागली. पुढे सहा वर्षे तिने आम्हाला दवाखान्यात, लग्नांना, मय्यतीला नेले-आणले. पण टपावरचा रंग खडूसारखा हाताला लागू लागला, दारांखालच्या पट्टीवर गंजाचे फोड आले आणि ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट उचलले की पत्र्याच्या भोकातून रस्ता दिसू लागला. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते; नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. 2025 मध्ये ती दुसऱ्यांदा वाढवायची वेळ आली. घरात ठरले, रंग मारून घेऊ, पासिंग करू आणि गाडी विकून टाकू.

मोठ्या वर्कशॉपने 45,000 रुपये सांगितले. तेवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती. स्टँडमागे गॅरेज असलेल्या उस्तादांनी 14,000 सांगितले. आम्ही 12,000 म्हणालो. उस्ताद हसले. "भाईजान, रंग तो आखिर में आता. पहले पत्रा." मग त्यांनी मॅट उचलून आत बोट घातले आणि विचारले, "गाडी घरात ठेवायची की विकायची?"

आम्ही म्हणालो, "का? त्याने काय फरक पडतो?"

"ठेवायची असेल तर पत्रा कापून नवा वेल्ड करतो. त्याचे 5,000 वर. विकायची असेल तर वरून पुट्टी ओढतो. 14,000 त भागेल."

उस्ताद लबाड नाहीत. ते रोज हा प्रश्न विचारतात, कारण रोज त्यांना त्याची दोन वेगळी उत्तरे मिळतात. आणि खरे सांगायचे तर आमच्याही ओठांवर पहिल्यांदा आले ते 'पुट्टी ओढा' हेच.

रंगकामात रंगाचा भाग सर्वांत शेवटचा. आधी गंज खरवडायचा, सडलेला पत्रा बदलायचा, खड्डे भरायचे, पाणी मारत पॉलिश पेपरने घासायचे, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचे, काचांवर आणि रबरांवर टेप व जुनी वर्तमानपत्रे चिकटवायची. मग कुठे स्प्रेगन हातात येते. म्हणून स्वस्ताई करायची तर ती बहुधा या आधीच्या कामातच होते. ते नंतर कोणाला दिसत नाही. गंजावर पुट्टी ओढली की दिवसाचे काम तासाभरात होते. पण पुट्टी ओल शोषते आणि गंज आत वाढत राहतो. एक-दोन पावसाळ्यांनंतर त्याच जागी फोड येतो. तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते.

याचा अर्थ स्वस्त रंग मुळातच वाईट, असा नाही. गॅरेजात दोन रंग चालतात. एक एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा. थिनर उडून गेले की तो वाळतो. स्वस्त असतो, पण लवकर निस्तेज होतो. 1920 च्या दशकात अमेरिकेत याच जातीचा रंग 'ड्यूको' नावाने मोटारींवर आला, आठवडे-आठवडे वाळत बसणारे वार्निश मागे पडले आणि मोटारी भराभर बनू लागल्या. आपल्याकडचे जुने पेंटर अजून त्याच नावाने रंगकाम ओळखतात. दुसरा पीयू. त्यात हार्डनर मिसळतात. तो महाग, चकचकीत आणि टिकाऊ. वीस वर्षांच्या गाडीला एनसी मारला तर कोणाचे काही बिघडत नाही. बंपर, दिवे, रबर आम्ही घरीच उतरवून दिले, तेवढी मजुरी कमी झाली. रंग पांढराच ठेवला, त्यामुळे दारांच्या आतल्या कडा आणि बोनेटखालचा भाग रंगवावा लागला नाही आणि आरसीवरची रंगाची नोंदही बदलावी लागली नाही. या काटकसरीत नुकसान झालेच तर आमच्या हौसेचे.

काटकसरीची लाज आपल्याला कधी नव्हती. हजरत उमर खलिफा असतानाही ठिगळे लावलेला अंगरखा वापरत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ठिगळ गरिबी सांगते, पण खोटे बोलत नाही. कापड इथे फाटले होते, हे ते चारचौघांत कबूल करते. गंजावरची पुट्टी म्हणजे ठिगळ नव्हे. इथे कधी काही फाटलेच नव्हते, असे ती म्हणते.

उस्तादांशी बोलत असताना शेजारच्या गाडीला पीयू मारणे चालू होते. मारणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, तोंडाला रुमाल बांधलेला. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासातून आत जात राहिला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोडा वासही सहन होत नाही. रुमालाने धुळीचे कण थोडेफार अडतील, वाफ अडत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. मोठ्या वर्कशॉपच्या 45,000 त अशा खोलीचाही खर्च धरलेला असतो. उस्तादांच्या 14,000 त तो नव्हता. आणि आम्ही त्यातूनही दोन हजार काढायला बसलो होतो.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत अधिक दिसतात ते मांडले, त्यात मोटारदुरुस्तीही आहे. त्यासाठी अहवाल वाचायलाही नको. कोणत्याही शहरातल्या गॅरेजांच्या ओळीत जाऊन हाक मारा, ओ देणारा मुलगा बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातला निघेल. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकतो. संध्याकाळी पैसे चुकते केले की आपल्याला वाटते, हिशेब मिटला. घामाचा मिटतो. पण फुप्फुसात जे गेले, ते त्या मजुरीत धरले होते का?

आता गाडी विकत घेणाऱ्याकडे येऊ. या बाबतीत कायदा आमच्या बाजूला होता. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 17 वे कलम कपट म्हणजे काय ते सांगते. नुसते गप्प राहणे हे सहसा कपट ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. त्यासाठी दिलेले उदाहरण लक्षात राहण्यासारखे आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे. लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी त्याचीच मुलगी आहे आणि ती नुकतीच सज्ञान झाली आहे. इथे मात्र दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते.

घोडा तोच, दोष तोच, विकणाराही तोच. समोर मुलगी आहे की परका माणूस, एवढाच फरक. उस्तादांचा प्रश्नही हाच होता. ठेवायची असेल तर पत्रा, विकायची असेल तर पुट्टी. कायद्याला व्यवहार चालवायचा असतो. त्याने रेषा कुठेतरी ओढायला हवी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कायद्याने ओढलेली रेषा हीच आपल्या नियतीची रेषा का व्हावी? त्या मॅटवर पाय ठेवून बसणारे मूल दुसऱ्याचे आहे, म्हणून खालचा पत्रा सडका चालेल?

मदिनेच्या बाजारातली ती हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर विकणारा म्हणाला, पाऊस पडला होता. तेव्हा पैगंबरांनी त्याला विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आणि फसवणारा आपला नव्हे, असे बजावले. आम्ही ही हदीस अनेकदा ऐकली होती, पण एका गोष्टीकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता. धान्य भिजले यात त्याचा काही दोष नव्हता आणि त्याला त्याचा जाबही विचारला गेला नाही. जाब विचारला गेला तो वरच्या कोरड्या थराचा. महापूरही आम्ही आणला नव्हता. गाडी बुडाली तो आमचा गुन्हा नव्हता. पण वरचा पांढरा थर मात्र आम्ही आमच्या पैशाने मारून घेणार होतो.

इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले आणि गिऱ्हाईक कोण होते हे कळायला मार्ग राहिला नाही, तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सगळी रक्कम दान केली, असे सांगतात. नफ्यातला भाग नव्हे, सगळी रक्कम. एका थानाच्या दोषापायी अख्खा पैसा त्यांना आपला वाटेनासा झाला.

आम्ही पत्रा कापून घेतला. 14,000 वर 5,000 दिले, घासाघीस सोडली. मुलासाठी चांगल्यातला मास्क आणून दिला. तो लावतो की खुंटीला टांगतो, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि एका मास्कने खोलीची उणीव भरत नाही हेही खरे. गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मॅट उचलून वेल्डिंग दाखवले आणि ती पुरात उभी होती हे सांगितले. पहिला म्हणाला, "एवढे सांगताय म्हणजे अजून काहीतरी असणार." तो गेला. दुसऱ्याने किंमत पाडून मागितली. तिसऱ्याने घेतली, आम्हाला हव्या होत्या त्यापेक्षा 9,000 कमी देऊन.

पहिल्या माणसाचा राग आला होता. नंतर तो ओसरला. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. 2001 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे ते काम होते. त्याचे म्हणणे साधे आहे. गाडीची खरी हालत विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना वाईट धरून भाव करतो आणि चांगली गाडी विकणारा बाजारातून उठून जातो. आमचे 9,000 त्या गिऱ्हाइकाने नेले नाहीत. आमच्याआधी पुट्टी ओढून गप्प राहिलेल्या सगळ्यांनी मिळून ते नेले. आणि आम्हीही गप्प राहिलो असतो, तर पुढच्या सच्च्या माणसाच्या खिशातून थोडे आम्हीही काढले असते.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद सांगतात. अल्लाहचा हक्क चुकला तर तो गफूर आहे, माफ करील. बंद्याचा हक्क मारला तर माफीसाठी त्या बंद्याकडेच जावे लागते. गॅरेजातला तो मुलगा, अनोळखी गिऱ्हाईक, ज्याला आपण कधी भेटणारही नाही असा पुढचा विकणारा, यांना कुठे शोधत फिरणार? त्यापेक्षा पावती करतानाच विचारलेले बरे, की या स्वस्ताईची बाकी कोणाच्या नावावर चालली आहे आणि त्याला ती ठाऊक आहे का. आपल्या नावावर असेल तर खुशाल स्वस्तात रंग मारावा. आमच्या गाडीचा एनसी रंग दोन-तीन वर्षांत निस्तेज होईल. घेणाऱ्याला आम्ही तेही सांगितले आहे.