थांब म्हणण्याचा अधिकार

(उज्ज्वला मावशी महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर. भाचा अद्वैत सार्वजनिक धोरणाचा विद्यार्थी. त्याच्या प्रबंधाचा विषय आहे महासाथीतलं फिलिपिन्स.)

अद्वैत : मावशी, एप्रिल २०२० मध्ये फिलिपिन्स सरकारने डॉक्टर-नर्सना नोकरीसाठी परदेशी जायला बंदी घातली. साथ पसरत होती, वॉर्डात माणसं हवी होती. मला तो निर्णय योग्य वाटतो.

मावशी : मला निम्माच पटतो. साथीत नर्सने वॉर्ड सोडू नये, हे मी मानते. पण जिला थांबवलं तिच्या घरी तेव्हा काय चाललं होतं?

अद्वैत : हाल होते. मार्चपासून लुझॉन बेटावर कडक टाळेबंदी होती. एप्रिलमध्ये बेरोजगारी १७ टक्क्यांच्या वर गेली, ७० लाखांहून जास्त लोक बेकार झाले. मनिलात जीपनी, म्हणजे तिथल्या शेअर गाड्या, बंद पडल्या. त्यांचे चालक रस्त्यावर हात पसरत होते. आखातातून, क्रूझ जहाजांवरून काम गेलेली माणसं घरी परतत होती.

मावशी : म्हणजे बापाची जीपनी उभी, भाऊ जहाजावरून परतलेला आणि मुलीच्या हातात परदेशातली नोकरी. तिला सरकार म्हणतं, थांब. मग घर कुणी चालवायचं?

अद्वैत : गरीब कुटुंबांना महिन्याला ५ ते ८ हजार पेसो दिले, दोन महिने. आधी करार झालेल्या नर्सना पुढे सूटही मिळाली. आणि दुसरी बाजूही बघ ना. ती गेली तर तिच्याच वस्तीतल्या आजाऱ्याला कोण बघणार? गरिबाघरचा कमावता माणूस दगावला की ते घर कायमचं खाली जातं. नर्सला थांबवणं म्हणजे गरिबी रोखणंही आहे.

मावशी : याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दोन्हीकडे गरीब घरंच आहेत. पण त्या देशात नर्स कमी होत्या का?

अद्वैत : शिकलेल्या पुष्कळ होत्या, बऱ्या पगाराच्या जागा कमी होत्या. सरकारी नर्सची वरची वेतनश्रेणी २००२च्या कायद्यात लिहिलेली होती; तिच्यासाठी तरतूद झाली २०२०च्या अर्थसंकल्पात. खासगी रुग्णालयांना ती लागूच नाही.

मावशी : अठरा वर्षं वाट बघायला लावली आणि मग कर्तव्याची आठवण करून दिली.

अद्वैत : पण आग लागल्यावर मागचा हिशेब काढत बसायचं का? आधी पाणी मारायचं.

मावशी : जरूर मारा. पण रिकामी होणारी घागर दर वेळी गरिबाचीच का? थांब म्हणायला माझी हरकत नाही. तिला पुरेसा पगार द्या, विमा द्या, किती महिने थांबायचं ते सांगा, घरच्यांचं बघा आणि मग थांब म्हणा.

अद्वैत : नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, पण वर्षाला ५ हजार जणांचीच मर्यादा आली. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या कामगार खात्याने ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं, लसी द्या, आम्ही मर्यादा शिथिल करू. ब्रिटनने नकार दिला. लस मागितली होती तीही परदेशी जाणाऱ्या आणि परतलेल्या कामगारांसाठीच. त्यात वाईट काय?

मावशी : हेतू चांगला असेल. पण तिला थांबवताना सांगितलं, रुग्णांना तुझी गरज आहे. लस मिळाली की ती गरज संपणार होती का? त्या दिवशी तिच्या कर्तव्याची किंमत लावली गेली, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

अद्वैत : जाऊ दिलं असतं तरी ती सुखरूप कुठे होती? अमेरिकेत फिलिपिनो नर्स एकूण नर्सच्या सुमारे ४ टक्के. सप्टेंबर २०२०पर्यंत कोविडने गेलेल्या नर्समध्ये मात्र जवळपास एकतृतीयांश त्याच होत्या.

मावशी : आणि तरीही कितीतरी जणी जायला तयार होत्या. जिवापेक्षा घरची चूल जड झाली, तर त्या निवडीला मी स्वातंत्र्य म्हणू धजत नाही. नुसती बंदी उठवली म्हणजे ती मोकळी झाली, असं नाही.

अद्वैत : फिलिपिन्समध्ये २०१८ मध्ये १६.७ टक्के लोक गरीब होते, २०२१ मध्ये १८.१ टक्के, म्हणजे जवळपास दोन कोटी. या आकड्यापुढे मी काय निष्कर्ष लिहू?

मावशी : लिही, की सरकारला थांब म्हणण्याचा अधिकार आहे, पण तो साथ आल्यावर आपोआप मिळत नाही. साथ नसलेल्या वर्षांत भरलेल्या जागा आणि वेळेवर दिलेला पगार, यांतून तो कमवावा लागतो.

अद्वैत : आणि कमावला नसेल तर?

मावशी : तर हात जोडून विनंती करावी. ती नाही म्हणाली, तर तिला दोष देऊ नये.

अद्वैत : पण वॉर्डातला रुग्ण तर मरेल.

मावशी : मरेल. त्याचा जाब मी तिला विचारणार नाही. ज्यांनी अठरा वर्षं तिचा पगार अडवून ठेवला, त्यांना विचारेन.