तुला फिरायला कुणी सांगितलं?

चार दिवसांचा खाडा करून, दोस्ताची मोटारसायकल मागून घेऊन मी एकटाच फिरून आलो. अलिबाग, मुरुड, हरिहरेश्वर, दासगाव, महाड. तिथून घाट चढून पुणे, नगर, दौलताबाद, शेवटी अजिंठा. आल्या आल्या वस्तीतला एक कार्यकर्ता म्हणाला, "पोरं मोर्चाची पत्रकं वाटत होती आणि तू समुद्र बघत होतास? तुला फिरायला कुणी सांगितलं?"

मित्रांनो, प्रश्न बोचला. कारण उत्तर 'कुणीच नाही' असंच होतं.

आमच्या आज्या-पणज्यांना रस्ता काय नवा होता? गावकीचा सांगावा घेऊन ते गावोगाव पळाले, मयताची खबर पोचवली, अंमलदाराच्या घोड्यापुढं धावले. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आले ते पोटासाठी. तिथंही विणकाम खात्याचं दार बंद. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपली थुंकी चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. आपलं माणूस पिढ्यान्‌पिढ्या चाललं, पण हुकमानं नाहीतर भुकेनं. निव्वळ खुशीनं चालायची वाट त्याला ठाऊकच नव्हती.

हे मला दासगावला कळलं. सावित्रीची खाडी भरतीला आलेली, डोळा ठरत नव्हता. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं निघाले ते दासगावला उतरायच्या हिशेबानं. धरमतरची वाट सोडली, कारण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर? दासगावहून महाड पाचेक मैल, पायीही गाठता येतं. ज्या किनाऱ्यावर लोक निसर्ग बघतात, तिथं आपल्याला आधी हे मोजावं लागलं की गाडीत कोण घेईल.

आणि दौलताबाद? १९३४ साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच हौसेनं सहल ठरवली. वेरूळची लेणी बघायची म्हणून बाबासाहेबही निघाले. वाटेत किल्ल्याच्या दाराशी सोबत्यांनी हौदावर तोंड, पाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून बोंब उठली. त्या दिवशी ना परिषद होती, ना सत्याग्रह. नुसतं बघायला निघालेल्या माणसांवरही जात धावून आली. म्हणजे बघायची हौस त्यांनाही होती, हे आपण का विसरतो?

मग अजिंठा. वाघोरा नदीच्या वळणावर नालेसारखा वाकलेला कडा, त्यात तीस लेणी. दहा नंबरात जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं १८१९ साली आपलं नाव खरवडून ठेवलंय. सोळात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचं नाव, सव्वीसात भिक्खू बुद्धभद्राचं. छिन्नी ज्यानं मारली त्याचं नाव मी शोधत होतो. चोवीस नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय. तिथं घाव उघडे दिसतात. मी बराच वेळ तिथंच उभा होतो. रिंग खात्यात पाळी करणाऱ्याला, काम मधेच बंद पडणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला शेवटची मजुरी मिळाली असंल का?

विहारातल्या खोल्या बघताना कार्यकर्त्याचा प्रश्न परत आठवला. भिक्खूंची रीत अशी : पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास, बाकी दिवस चारिका. फिरणं आणि संघ एकमेकांचे वैरी नव्हते. मात्र फिरणारा परत संघात यायचा, बघितलेलं सांगायचा.

तेव्हा दोस्ता, माझा हिशेब असा. माझ्या वाटणीची पत्रकं कुणाकडं सोपवून गेलो नाही, ही माझी चूक. ती कबूल. पण समुद्र बघितला ही चूक नाही. सुंदर काही बघायला परवानगी लागत असंल, मग ती गावच्या पाटलाची असो की आपल्याच चळवळीची, तर माणूसपण कशाला म्हणायचं? आपण भाकरीसाठी लढतो तसं विनाकामाच्या एका दिवसासाठीही लढलं पाहिजे.

आईनंही तेच विचारलं, "तिकडं काय काम होतं रं?"

म्हणलं, "काम काहीच नव्हतं. बघायला गेलतो."

ती चुलीपुढं गप बसून राहिली. मग म्हणाली, "मला बी ने येकडाव."