टिम क्रूज: एका रात्रीपलीकडे

फ्लोरिडातील क्लेरमाँट गावाजवळच्या लिटल लेक नेली या तळ्यात २२ मार्च १९९३ रोजी अंधार पडल्यावर एक मोटरबोट वेगाने जात असताना पाण्यात पुढे आलेल्या लाकडी धक्क्यावर आदळली. बोटीत क्लीव्हलंड इंडियन्स या बेसबॉल संघाचे तीन पिचर होते. स्टीव्ह ओलिन जागीच मरण पावला. टिम क्रूजने दुसऱ्या दिवशी पहाटे रुग्णालयात प्राण सोडला. बॉब ओहेडा डोक्याला गंभीर इजा होऊनही वाचला. हंगामापूर्वीच्या सराव शिबिरातला तो सुट्टीचा दिवस होता आणि सगळे क्रूजच्या तळ्याकाठच्या घरी कुटुंबांसह जमले होते. बोट क्रूज चालवत होता. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होते, हे नंतर तपासात निघाले.

ओलिन सत्तावीस वर्षांचा होता, क्रूज एकतीस. दोघांच्याही मागे पत्नी आणि लहान मुले राहिली.

आज क्रूजचे नाव निघते ते बहुतेक या घटनेच्या निमित्तानेच. यात मला एक अन्याय दिसतो आणि तो त्याच्या एकट्यापुरता नाही. नावाजलेल्या माणसाचा मृत्यू हा त्याच्या चरित्रातला शेवटचा प्रसंग असतो. तो कितीही भीषण असला तरी आधीच्या प्रसंगांना पुसून टाकत नाही. फारसे नाव नसलेल्या माणसाचे तसे होत नाही. त्याचा मृत्यू गाजला, तर तो मृत्यूच त्याचे चरित्र होऊन बसतो. म्हणून अशा खेळाडूच्या बाबतीत चाहत्यांच्या आठवणीला वेगळे मोल आहे. ती नसेल तर त्या माणसाचे उरते काय? तपास अहवालातला एक परिच्छेद.

क्रूज रिलीफ पिचर होता. हे काम कसले असते ते सांगायला हवे, कारण त्याच्या अप्रसिद्धीचे अर्धे कारण त्या कामातच आहे. सामना सुरू करणारा पिचर थकला किंवा त्याच्यावर धावा होऊ लागल्या की व्यवस्थापक त्याला बदलतो. क्रिकेटमध्ये षटके थांबवलेला गोलंदाज नंतर पुन्हा चेंडू हाती घेऊ शकतो. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यात पिचिंगला परतत नाही. त्याच्या जागी मैदानाच्या कडेच्या बुलपेनमधून रिलीफ पिचर येतो. बऱ्याचदा बेसवर आधीच्या पिचरने सोडलेले धावपटू उभे असतात. ते धावून आले, तर त्या धावा आधीच्याच्या खात्यावर मांडल्या जातात. ते रोखले, तर नव्याच्या खात्यावर मात्र त्याबद्दल वेगळे काही जमा होत नाही. दुसऱ्याने करून ठेवलेला पेच सोडवणे हे ज्याचे मुख्य काम, त्याच्या मुख्य कामाचीच नोंद जुन्या धावफलकात सापडत नाही. शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या पाठपुराव्यामुळे १९६९ पासून ‘सेव्ह’ ही अधिकृत नोंद झाली. पण ती मिळते आघाडी शेवटपर्यंत टिकवून सामना संपवणाऱ्याला. पाचव्या-सहाव्या डावात येऊन पडझड थांबवणारा नावाशिवायच राहिला.

क्रूज बहुतेक करून हे मधले काम करणारा. जन्म फ्लोरिडातल्या टँपा शहरातला. मिल्वॉकी ब्रुअर्सच्या कनिष्ठ संघांमध्ये त्याची कित्येक वर्षे गेली. डिसेंबर १९८६ मध्ये ग्रेग ब्रॉकच्या बदल्यात तो आणि टिम लिअरी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आले. पुढल्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला, तेव्हा त्याचे वय सव्वीस होते. १९८७ ते १९९२ या सहा हंगामांत तो डॉजर्सकडून २८१ सामने खेळला. अकरा विजय, तेरा पराभव, पंधरा सेव्ह. या आकड्यांनी कोणी डोळे विस्फारणार नाही.

पण १९८८ चा हंगाम पाहा. डॉजर्स त्या वर्षी विश्वविजेते झाले. जायबंदी पायांनी लंगडत फलंदाजीला आलेल्या कर्क गिब्सनने वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात मारलेला होमरन अमेरिकेत अजून दाखवला जातो. ऑरेल हर्शायझरने त्या हंगामाच्या अखेरीस सलग ५९ डाव एकही धाव दिली नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. क्रूजने त्या हंगामात ४२ सामन्यांत पिचिंग केले, चार जिंकले, एकही हरला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र त्याला एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. गिब्सनचा होमरन ऑक्टोबरमधला आहे. त्या ऑक्टोबरपर्यंत संघाला पोचवणारे सामने उन्हाळाभर कोणी तरी सांभाळले होते, आणि त्या सांभाळणाऱ्यांत क्रूज होता. ज्यांनी रेडिओला कान लावून तो हंगाम रोज ऐकला त्यांना हे ठाऊक आहे. ठळक क्षणांच्या चित्रफिती पाहून खेळ समजून घेणाऱ्याला ते कधी कळणार नाही.

स्मरणाच्या आळसाचे याहून कठोर उदाहरण कॅलिफोर्निया एंजल्सचा रिलीफ पिचर डॉनी मूर याचे आहे. १२ ऑक्टोबर १९८६ रोजी एंजल्स वर्ल्ड सिरीजपासून एका स्ट्राइकवर होते. नवव्या डावात गॅरी लुकासने रिच गेडमनला चेंडू मारून बेसवर जाऊ दिले आणि मूरला बोलावण्यात आले. डेव्ह हेंडरसनने त्याला होमरन मारला आणि प्रतिस्पर्धी बॉस्टन पुढे गेले. गेडमनची धाव हिशेबात लुकासच्या नावावर आहे. दोष मात्र सगळा मूरच्या नावावर. एंजल्सने त्याच डावात बरोबरी साधली होती, सामना अकराव्या डावापर्यंत गेला, आणि त्यानंतरचे दोन सामनेही एंजल्स हरले, हे सगळे विसरले गेले. मूरची मैदानावर हुर्यो होत राहिली. १८ जुलै १९८९ रोजी त्याने पत्नीवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर. ती वाचली. एका चेंडूने त्याचा जीव घेतला, ही कथा त्यानंतर रूढ झाली.

ही कथा खोटी सहानुभूती आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात मूरचे दारूचे व्यसन नाही, घरातली मारहाण नाही, आणि गोळ्या लागलेली ती स्त्री तर कुठेच नाही. ज्या चाहत्यांनी आधी हुर्यो केली त्यांच्यासारख्यांनीच मग हळहळ व्यक्त केली, आणि दोन्ही वेळा त्यांना मूरचा तो एकच चेंडू आठवत होता. १९८५ मध्ये ३१ सेव्ह करून ऑल-स्टार सामन्यासाठी निवडलेला मूर त्यांना ना तेव्हा दिसला, ना नंतर.

म्हणून नुसती आठवण पुरत नाही. ती पूर्ण हवी. क्रूजच्या बाबतीत याचा अर्थ असा की, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी दारूचा उल्लेख टाळू नये. ओलिनच्या मुलांचे वडील गेले, ते क्रूज चालवत असलेल्या बोटीत गेले. हे सौम्य करून सांगण्यात क्रूजचा सन्मान नाही आणि ओलिनचा तर मुळीच नाही. पण तेवढेच सांगून थांबणे हेही अर्धसत्य. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता येणे कठीण असते, विशेषतः मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत. क्लीव्हलंडच्या संघाने मात्र ते केले. १९९३ च्या संपूर्ण हंगामात खेळाडूंच्या बाहीवर एक बिल्ला होता आणि त्यावर दोन आकडे होते: ओलिनचा ३१ आणि क्रूजचा ५२. क्रूज त्या संघाकडून अधिकृत हंगामातला एकही सामना खेळला नव्हता. दोघांपैकी कोण कशामुळे गेला याचा निवाडा त्या बिल्ल्याने केला नाही आणि कोणाला वगळलेही नाही.

बेसबॉलच्या चाहत्यांपाशी पूर्ण आठवणीची एक परंपरा आहे, आणि तिचा मला मनापासून आदर वाटतो. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बॉब डेव्हिड्स यांच्या पुढाकाराने सोळा जण कूपरस्टाउनला जमले आणि त्यांनी अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्था स्थापन केली. विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंच्या जन्ममृत्यूच्या तारखा तिच्या सभासदांनी जुन्या नोंदींतून शोधून काढल्या. २००२ पासून हीच मंडळी मेजर लीगमध्ये खेळलेल्या खेळाडूंची चरित्रे लिहीत आहेत. हे लिहिणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. एकच सामना खेळून घरी गेलेला माणूसही त्यांनी वर्ज्य मानलेला नाही. मोठ्यांची स्मृती जपायला पुतळे, हॉल ऑफ फेम आणि पैसा असतो. छोट्यांची स्मृती अशा फुकट श्रमांवर जगते. चाहता हा खेळाचा केवळ ग्राहक नसतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्याने काही विशेष केले नाही त्याला लक्षात ठेवायचे कशाला? पण मेजर लीगच्या मैदानावर सहा वर्षे टिकणे हे विशेष नाही, असे म्हणणाऱ्याने कनिष्ठ संघांतून कधीच वर न आलेल्यांची रांग पाहावी. शिवाय हंगाम १६२ सामन्यांचा असतो. त्यातले बहुतेक सामने अशाच माणसांच्या हातून पार पडतात, आणि चाहत्याचे खेळाशी नाते त्या रोजच्या सामन्यांतच जुळते.

१९९० मध्ये टिम क्रूज ६६ सामन्यांत खेळला, शंभराहून अधिक डाव त्याने टाकले आणि दर नऊ डावांमागे सरासरी २.७७ धावाच दिल्या. कोणत्याही चांगल्या संघाला हेवा वाटावा असा तो हंगाम होता. त्या रात्रीविषयी यापुढे जो कोणी लिहील, त्याने बोट आणि मद्य यांच्याबरोबर हा हंगामही लिहावा.